तिसऱ्या दिवसाचं १२०/८०

जत तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स, म्हणून माझं हे अकरावं वर्ष. बाळंतपण दवाखान्यात झालं की सिस्टरचं काम संपलं असं घरच्यांनाच काय, बऱ्याच डॉक्टरांनापण वाटतं, पण तिथून पुढचे ४२ दिवस आमचेच असतात. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते, त्यातल्या जमतील तेवढ्या भेटींना मी सोबत. बाळाचं वजन, नाळ, ताप, अंगावर पितंय का. आणि आईचं बीपी, टाके, अंगावरून किती जातंय. आई दुसऱ्या नंबरवर, हे मी लिहितानासुद्धा तसंच आलं बघा.

तर ही पोरगी पहिलटकरीण, सासर पुण्याकडं, आठव्या महिन्यात माहेरी आली, म्हणजे आधीच्या तपासण्या सगळ्या तिकडच्या. कार्डावर बीपी कायम चांगलं. खाजगीत नॉर्मल झाली, ४८ तास ठेवायचं ते दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सोडली, त्यात घाई घरच्यांचीच जास्त.

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. बाजेखाली शेगडी, खोलीत धूर, बाळ झोळीच्या काट्यात घातलं तर २ किलो ७०० भरलं, सगळे खूश. ती पाजायला बसली होती, बाही घट्ट, आणि मला त्याच दुपारी दोन वस्त्यांवर लसीकरण होतं आणि रात्री बारापर्यंत ॲपवर नोंदी भरायच्या होत्या, नाहीतर मीटिंगला नाव वाचतात. बीपीचं मशीन पिशवीतनं काढलंच नाही. कार्डावर १२०/८० लिहिलं. ह्या आकड्यानं महाराष्ट्रातली किती रजिस्टरं भरलीत हे आमच्यातल्या कुणालाही विचारा, खरं सांगणार नाही.

सातव्या दिवशी गेलो तर ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. आई म्हणाली, "बाई, कानाला बांध म्हणून ओरडून दमले, ऐकली न्हाई. वारं लागलंय, दोन दिस डोस्कं धरून बसलीया." बाम चोळून कपाळ लाल झालेलं. मी विचारलं, डोळ्यापुढं काय होतंय का गं, तर म्हणाली, "काजवे चमकल्यासारखं होतंय, आणि हितं" म्हणत छातीखाली हात ठेवला. माझ्या पोटात खड्डा पडला.

डिजिटलवर १७२/११४ आलं. विश्वास बसेना म्हणून पाऱ्याच्या मशीनवर घेतलं, १७०/११०. लघवीच्या पट्टीवर प्रोटीन दोन प्लस. बाळंतपणानंतर बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सगळ्यात वर जातं, आधी कधी नसलं तरी चढू शकतं आणि झटके येऊ शकतात, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलेलं.

१०८ ला फोन केला, गाडी यायला वेळ होता. एमओ सरांना, म्हणजे आमच्या मेडिकल ऑफिसरना, फोन केला, भावाच्या पिकअपमधनं तिला उपकेंद्रात आणलं. मॅगसल्फ म्हणजे झटके येऊ नयेत म्हणून द्यायचं इंजेक्शन, त्याचा पहिला डोस १० ग्रॅम, म्हणजे एक-एक ग्रॅमचे दहा अँपुल. दहा अँपुल हातानं फोडायला किती वेळ लागतो हे ज्यानं फोडलेत त्यालाच ठाऊक, काच बोटात जाते आणि बाहेर बाई कण्हत असते. पाच एका कुल्ल्यात, पाच दुसऱ्यात, खोलवर, हळूहळू. तिला आधीच सांगितलं, आग होईल, अंगातनं गरम वाफ निघाल्यासारखं वाटंल, घाबरू नको. तिनं माझा पदर घट्ट धरला होता. हात एकदाही हलला नाही माझा, ह्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

मिरजेच्या सिव्हिलला पोचेपर्यंत झटका आला नाही. संध्याकाळी तिथल्या तरुण डॉक्टरचा फोन, "सिस्टर, डोस वेळेत दिलात, छान. तिसऱ्या दिवशी बीपी १२०/८० होतं ना?"

मी म्हणाले, "हो सर."

तिसऱ्या दिवशी चढलेलं असेल किंवा नसेलही, आता कसं कळणार. बीपीची गोळी चार दिवस आधी सुरू झाली असती कदाचित. पोरगी बरी झाली, तिची आई आता गावभर सांगते सिस्टरबाईंनी वाचवली, शेंगांचं गाठोडं घेऊन आली होती, ते घेताना मला कसंतरीच झालं.

४२ व्या दिवशी बीपी ११८/७६, दोनदा घेऊन लिहिलं. परत येताना स्कुटीवर आशाताईला सगळं सांगून टाकलं. ती मागं बसली होती, जरा वेळ गप्प राहिली मग म्हणाली, "मला म्हाईत हाय की बाई. मी शेजारीच बसले हुते."