नोकरी सोडून मालीश शिकताय? आधी अंगठ्याचा हिशेब करा

नवी मुंबईतल्या ऐरोली-घणसोलीच्या आयटी ऑफिसांतून बाहेर पडून मालीश किंवा ॲक्युपंक्चर शिकायचं म्हणणारे हल्ली बरेच भेटतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: कोर्स कोणता करू? तो नंतर. तुमचे हात दिवसाला किती तास चालतील हे आधी बघा, कारण या कामात कमाईची हद्द तिथेच ठरते.

पूर्ण अंगाची मालीश साधारण तासाची. मध्ये चादर बदलणं, तेल पुसणं, हात धुणं आणि पुढच्याची चौकशी यात पंधरा-वीस मिनिटं जातात. नवख्याने दिवसाला तीन माणसं घ्यावीत, मुरलेल्याने चार, फार तर पाच. आठवड्याला वीस-बावीस तासांच्या वर सतत गेलं की अंगठ्याच्या बुडाचा, मनगटाजवळचा सांधा बोलायला लागतो. काही स्पांमध्ये मुलींकडून दिवसाला सात-आठ माणसं करून घेतात आणि त्या मुली लवकरच काम सोडतात, त्यामागे हेच असतं. तेव्हा ‘महिन्याला किती सुटतील’ हे गणित वीस तासांवर मांडा. नोकरीतले पंचेचाळीस तास त्यात घातलेत तर उत्तर चुकणारच.

अंगठा बिघडतो तो चुकीच्या वापराने. अंगठ्याचं काम स्नायूतली गाठ शोधायचं, दाबायचं नाही. गाठ सापडली की जोर कोपराच्या खालच्या हाताने, मुठीने किंवा कोपराने द्यायचा. तो जोर खांद्यातूनही येऊ नये. मागचा पाय जमिनीत रोवून अंगाचं वजन पुढे सोडायचं. दंड थरथरत असेल तर वजनाऐवजी स्नायूंनी ढकलताय असं समजा. सकाळी बाटलीचं झाकण फिरवताना अंगठ्याच्या बुडाशी कळ आली, तर आठवडाभर अंगठा पूर्ण बंद ठेवून फक्त कोपराखालच्या हाताने काम करा. तरीही कळ राहिली तर हाडांच्या डॉक्टरकडे जा. ‘सवय होईल’ म्हणून रेटू नका.

टेबलाची उंचीही याच कारणासाठी बघायची. शेजारी ताठ उभं राहून हात सैल सोडला की बंद मुठीची हाडं टेबलाला टेकली पाहिजेत. खोल दाबाचं काम जास्त असेल तर त्याहून दोन इंच खाली. रुंदीला अठ्ठावीस इंच पुरतात. दुकानदार तीस-बत्तीसचं गळ्यात मारतो, कारण झोपणाऱ्याला ऐसपैस वाटतं. पण तुमची उंची पाच फूट एक इंच असेल तर पलीकडच्या खांद्यापर्यंत पोचताना कंबर जाते. घडीचं लाकडी टेबल चौदा-सोळा किलोचं असतं. ते घेऊन सकाळी आठला ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये चढायचा विचार सोडून द्या. घरी जाऊन काम करणार असाल तर एक दिवस ठाण्याचा, एक दिवस नवी मुंबईचा, असं वाटून घ्या. संध्याकाळी घोडबंदर रोडवरून वाशीला पोचायचं ठरवलंत तर एका माणसाची कमाई रस्त्यातच गेली.

तेल एका माणसाला तीस ते चाळीस मिलिलिटर लागतं. अंगावर केस जास्त असतील किंवा कातडी कोरडी असेल तर पन्नास. जास्त ओतलं की हात घसरतो, पकड बसत नाही, मग आपण नकळत जोर वाढवतो आणि सगळा भार पुन्हा अंगठ्यावर येतो. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास गोठायला लागतं. एसी बाविसावर ठेवलेल्या खोलीत हमखास. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करा. तेल आधी स्वतःच्या तळहातावर घ्या, थेट पाठीवर कधीच ओतू नका. पावसाळ्यात टॉवेल वाळत नाहीत आणि तेलकट टॉवेलला खवट वास धरतो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवा. ड्रायरमधून काढलेले तेलकट टॉवेल गरम असतानाच ढिगाने रचून ठेवू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात.

आता कुणाला हात लावायचा नाही ते. शिकवण्यांमध्ये यावर अर्धा तासही देत नाहीत आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तीच. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, त्यातून माणूस नुकताच लांबच्या विमानप्रवासातून आलेला, ऑपरेशन झालेला किंवा बाळंतीण असेल, तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. चोळलं तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. अशा माणसाला टेबलावर न घेता त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा. ताप किंवा पसरणारा त्वचारोग असेल तर परत पाठवायचं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर हलका हात, नाहीतर अंगभर काळेनिळे डाग पडतात. जुना मधुमेह असलेल्याच्या पायांना संवेदना कमी असते. ‘चटका बसतोय’ हे त्याला कळतच नाही, म्हणून गरम दगड किंवा शेकाची पिशवी पायाला लावायची नाही.

ठाण्यात-नेरूळात खरं टिकाऊ काम स्पापेक्षा बाळंतिणीच्या मालिशीचं आहे. सव्वा महिना रोज एकाच घरी जायचं, शिवाय बाळाची मालीशही त्याच घरात. पिढ्यान्‌पिढ्या हे काम मालीशवाल्या मावशींनी केलं आहे आणि त्यांचा हात बघून शिकण्यासारखा असतो. काही गोष्टी मात्र त्यांच्याकडून उचलू नका. सिझेरियन झालेल्या बाईच्या पोटाला टाका पूर्ण भरून डॉक्टरांनी होकार देईपर्यंत हात लावायचा नाही आणि पोट ‘आत जावं’ म्हणून आवळून बांधायचंही नाही. हात, पाय, पाठ, खांदे चालतील. कुशीवर झोपवून करा. बाळाच्या नाकात-कानात तेल घालायचं नाही, छाती पिळायची नाही, पाय धरून उलटं लटकवायचं नाही. दूध पाजल्यावर लगेच नको. दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. मोहरीचं तेल तान्ह्याच्या कातडीला झोंबतं, खोबरेल बरं. या सगळ्यावर आजी नाराज होतात. त्यांच्याशी वाद न घालता डॉक्टरांचा कागद पुढे करावा.

ॲक्युपंक्चरचं गणित अगदी वेगळं. सुया लावायला पाच-दहा मिनिटं, मग त्या वीस-तीस मिनिटं तशाच राहतात. पडदे लावलेल्या तीन खाटा असल्या की एकटा माणूस तासाला तीन जणांना बघू शकतो आणि अंगठे शाबूत राहतात. पण आत शिरायचा रस्ता लांब आहे. आपल्याकडे ही विद्या १९५९ साली डॉ. विजय बसूंनी आणली. १९३८ मध्ये डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले ते. महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने तिला स्वतंत्र उपचारपद्धतीचा दर्जा दिला, केंद्राने २०१९ मध्ये. म्हणून दोन शनिवार-रविवारच्या शिबिराचं प्रमाणपत्र घेऊन सुया टोचता येत नाहीत. फी भरण्यापूर्वी संस्थेला एवढंच विचारा: या अभ्यासक्रमावर महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेत नोंदणी होते का? उत्तर लेखी घ्या.

शिकताना सुया टोचायचे ३६१ बिंदू पाठ करणं हा सोपा भाग. माप रोग्याच्याच बोटांनी घ्यायचं असतं: त्याच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे एक त्सुन (हे चिनी माप), चार बोटं मिळून तीन. तुमच्या बोटांनी मोजलंत तर जाड माणसात बिंदू हुकतो. सुरुवातीला ०.२५ मिलिमीटर जाडीच्या, २५ आणि ४० मिलिमीटर लांबीच्या, एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुया पुरतात. पहिल्यांदा येणारा, उपाशी आणि खुर्चीत बसवलेला माणूस चक्कर येऊन पडू शकतो. म्हणून खाऊन यायला सांगा आणि आडवं झोपवूनच सुया लावा. तरीही घाम फुटला, चेहरा पांढरा पडला, तर सगळ्या सुया काढा, पाय उंच करा, शुद्धीवर आल्यावर साखरपाणी द्या. सुई अडकली तर ओढायची नाही. स्नायू आखडलेला असतो. थांबा, आजूबाजूला हलकं टिचकवा, ती सैल होते.

खरी भीती खांद्याच्या माथ्यावरच्या जीबी-२१ या बिंदूची. तिथे सरळ खोल गेलात तर फुफ्फुसाला भोक पडतं. स्नायू चिमटीत उचलून तिरकी, उथळ सुई लावायची. धाप आणि छातीत कळ काही तासांनी, माणूस घरी गेल्यावरही सुरू होऊ शकते. अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठा, हे त्याला आधीच सांगून ठेवा. गरोदर बाईला एलआय-४ (अंगठा आणि तर्जनीच्या मधला) आणि एसपी-६ (घोट्याच्या वर, आतल्या बाजूचा) हे बिंदू टाळतात. काही जण सुयांना हलकी वीज जोडतात, पेसमेकर असेल तर ती जोडायची नाही.

वापरलेली सुई परत टोपणात घालू नका. ती पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या बंद डब्यात जाते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यावी लागते आणि कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेशी करार करावा लागतो. सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात सुई गेली की ती सफाई कामगाराच्या हातात घुसते.

कागदपत्रं तुलनेने सोपी आहेत. मोजकीच माणसं कामाला असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे गुमास्त्यासाठी (दुकानाच्या नोंदणीसाठी) नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते, काम सुरू केल्यापासून साठ दिवसांच्या आत. राहत्या फ्लॅटमध्ये करणार असाल तर सोसायटीचं लेखी ना-हरकत पत्र आधी मिळवा. सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या इमारतीत वापरबदलाची अटही वाचा. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी. मालीश करणाऱ्याने नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, पाटीवर ‘फिजिओथेरपी’ही लिहू नये, ती वेगळी पदवी आहे. ‘बॉडी मसाज’ अशी पाटी लावलीत तर रात्री अकराला नको ते फोन येतात. ‘मान, पाठ, बाळंतीण व बाळाची मालीश, वेळ ठरवून’ असं लिहिलं की त्यातले बरेचसे थांबतात, आणि सोसायटीच्या सचिवालाही ते पटतं.