बॅक्टेरियाच्या अंगावरची चरबी

शेतातल्या कचऱ्यापासून प्लास्टिक म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं भुसा दळायचा, साच्यात दाबायचा, झालं. तसं नाहीये ते. इथे प्लास्टिक बॅक्टेरिया स्वतःच बनवतात, आणि तेही आपल्यासाठी नाही, स्वतःच्या अडीनडीसाठी. साखर भरपूर आहे पण नायट्रोजन किंवा फॉस्फरस संपलाय, म्हणजे वाढता तर येत नाही, मग ते जास्तीची साखर पीएचबी नावाच्या पॉलिस्टरचे दाणे करून पेशीत साठवतात, आपल्या अंगावर चरबी चढते ना तसंच. हे पीएचबी 1926 मध्येच मॉरिस लम्वान्य या फ्रेंच शास्त्रज्ञाने ओळखलं होतं. क्युप्रिआविडस नेकेटर नावाचा बॅक्टेरिया तर इतका साठेबाज की नीट जमवलं तर त्याच्या सुक्या वजनातलं 80 टक्के नुसतं प्लास्टिकच!

मग घोडं अडतं कुठे? आधी पेंढ्यातच. पेंढा काय, चिपाडं काय, साखर आहे त्यात, पण ती सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजमध्ये बांधलेली आणि वरून लिग्निनने चिकटवलेली, त्यामुळे आम्ल घालून तापवा, मग एन्झाइम टाका, तेव्हा कुठे ती सुटते, आणि या तापवण्यातच फरफ्युरलसारखी द्रव्यं तयार होतात जी बॅक्टेरियालाच बाधतात. म्हणजे जेवण वाढलं पण त्यातच विष. शिवाय हेमिसेल्युलोजमधून झायलोज नावाची साखर निघते, ती नेकेटर मूळ रूपात खातच नाही. बुर्खोल्डेरिया सॅकॅरी हा दुसरा बॅक्टेरिया खातो. आणि 1 किलो ग्लुकोज दिलं तरी अगदी कागदावरच्या हिशोबातही अर्ध्या किलोपेक्षा कमीच पीएचबी मिळतं.

पण मला सगळ्यात खटकतं ते पुढचं. दाणे पेशीच्या आत असतात, ते बाहेर काढायची लॅबमधली ठरलेली पद्धत म्हणजे क्लोरोफॉर्म, म्हणजे एक विषारी द्रावक. पर्यावरणासाठी एवढा खटाटोप आणि शेवटी क्लोरोफॉर्म?? हायपोक्लोराइटने, म्हणजे ब्लीचमधल्या द्रव्याने, पेशी विरघळवता येतात, पण मग पॉलिमरच्या साखळ्याही तुटतात.

एवढं करून शुद्ध पीएचबी ठिसूळ निघतं. वितळतं साधारण 175 अंशाला आणि त्याच्या थोडंच वर गेलं की बिघडायला लागतं, म्हणून त्यात व्हॅलरेटचे घटक मिसळलेला पीएचबीव्ही बनवतात, तो जरा लवचिक असतो. मातीत मात्र हे खरंच कुजतं, कारण ते खाणारे जंतू तिथे आधीपासून आहेतच.

आता असा कुठलाही नवा पेपर हातात आला की मी टक्केवारी नंतर बघतो, आधी दाणे बाहेर कसे काढले ते शोधतो.