भिंतीतला वड

आज शिवाजी पेठेत एक जुनं घर पाडत होते. मालकांना विचारून भिंतीतला वड बोन्सायसाठी काढून आणला. मनगटाएवढं खोड, मुळं विटांना घट्ट चिकटलेली. गवंडी म्हणाला, ‘दादा, हे जगतंय व्हय?’

जगतंय की! वडाची माती पार झटकली, मुळं छाटली, तरी पावसाळ्यात तो फुटतो. पाइनचं तसं नाही. डोंगरातून काढलेल्या पाइनची जुनी माती सगळी धुवायची नसते. मुळांना पाणी आणि अन्न मिळवून देणारी बुरशी तिच्यातच असते. शिवाय झाड सावरेपर्यंत ना कात्री, ना फांद्या वळवायची तार. आपल्यात तेवढा दम कुठला!

वड सध्या जाड वाळू आणि विटांच्या चुऱ्यात, सावलीत. खोड हलू नये म्हणून कुंडीला सुतळीनं आवळलंय. बायको विचारतेय, गॅलरीत आता कपडे कुठं वाळत घालायचे?