साजरा करणाऱ्यांना शुभेच्छा

डिसेंबर लागला की आमच्या लायब्ररीच्या काउंटरवर एक न लिहिलेला नियम सुरू होतो. समोरचा जे म्हणेल तेच त्याला परत म्हणायचं. ‘मेरी ख्रिसमस’ आलं तर ‘मेरी ख्रिसमस’, ‘हॅपी हनुका’ (हनुका हा ज्यूंचा सण) आलं तर ‘हॅपी हनुका’, आणि समोरचा नुसताच हसला तर ‘हॅपी हॉलिडेज’. मी न्यू जर्सीत, प्रिन्सटनपासून फार लांब नसलेल्या एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयात अर्धवेळ काम करते. पुस्तकं द्यायची-घ्यायची, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढायचा, लहान मुलांच्या विभागातला पसारा आवरायचा. दिवसभरात जी माणसं येतात त्यांत ज्यू असतात, कोरियन चर्चवाले असतात, तेलुगू असतात, गुजराती जैन असतात, पाकिस्तानी असतात. इजिप्तहून आलेले कॉप्टिक लोकही येतात. ते पक्के ख्रिस्ती, पण त्यांचा नाताळ ७ जानेवारीला. म्हणजे समोरचा माणूस ख्रिस्ती आहे हे कळलं तरी प्रश्न सुटतोच असं नाही.

हे फोनवर सांगितलं की आई म्हणते, “त्यात काय एवढं? मी बाई ज्याचा सण त्याला त्याचं म्हणतो.”

बरोबर आहे तिचं. पण तिला कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीतलं घर न् घर माहीत आहे. कोपऱ्यावरच्या काकूंना पर्युषण संपल्यावर काय म्हणायचं, समोरच्या चाचींकडे ईदला किती वाजता जायचं, वरच्या मजल्यावरचे काका वारकरी म्हणून त्यांना ‘राम कृष्ण हरी’, लिंगायत वहिनींना ‘शरणार्थी’, चौदा एप्रिलला कुणाच्या दारात थांबून ‘जय भीम’ म्हणायचं, हे तिनं कुठं लिहून ठेवलेलं नाही. शिरखुर्म्याचा डबा आला की तो धुऊन, त्यात चार साखरेचे दाणे का होईना टाकून परत जातो. नाताळात करंज्यांचं ताट येतं. सगळ्यांना मिळून एकच शुभेच्छा देण्याची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही.

इथं विचारायची सोय नाही. अनोळखी माणसाला ‘तुमचा धर्म कुठला’ असं विचारणं म्हणजे पगार विचारण्याइतकंच वाईट. चेहऱ्यावरून ओळखायला जावं तर आणखी वाईट. म्हणून सगळ्यांना चालेल असं काहीतरी म्हणायचं आणि पुढच्या माणसाकडे वळायचं. दिवसाला दोनशे अनोळखी माणसं समोरून जात असतील तर त्यात चूक काही नाही, असं माझं मत झालंय. कोल्हापुरातून बघताना ते मिळमिळीत वाटतं, हेही खरं.

पण एवढी साधी गोष्ट इथं राजकारणाची झालेली आहे. आमच्याकडे एक आजी येतात, रहस्यकथा वाचणाऱ्या. डिसेंबरात त्या काउंटरवर पुस्तक ठेवता ठेवता ‘मेरी ख्रिसमस’ असं जरा जोरातच म्हणतात आणि माझ्याकडे बघत थांबतात. ती शुभेच्छा कमी आणि परीक्षा जास्त असते. मी आनंदानं ‘मेरी ख्रिसमस’ म्हणते, त्या जिंकल्यासारख्या हसतात. २०१६ च्या प्रचारात डोनाल्ड ट्रम्प यांनी ‘आपण पुन्हा मेरी ख्रिसमस म्हणणार’ असं आश्वासनच दिलं होतं. त्याआधी २०१३ मध्ये टेक्ससनं तर कायदा केला, शाळेत शिक्षकांनी आणि मुलांनी ‘मेरी ख्रिसमस’ म्हटलं तर हरकत नाही म्हणून. जणू कुणी बंदी घातली होती.

खरी बंदी घातली होती ती वेगळ्याच लोकांनी, आणि फार पूर्वी. १६५९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट मंडळींनी नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. सण बायबलात सांगितलेला नाही, त्यात दारू आणि दंगा फार, असा त्यांचा हिशोब. १६८१ पर्यंत तो कायदा होता. केंद्र सरकारची सुट्टी म्हणून नाताळ मान्य झाला तो १८७० मध्ये. आणि ज्याला आता नव्या जमान्याचं खूळ म्हणतात ते ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’ १९५३ मध्येच आयझेनहॉवर यांच्या व्हाइट हाउसच्या कार्डावर छापलेलं होतं. तोही रिपब्लिकन अध्यक्ष, आणि जुना सेनापती. परंपरा म्हणून जे सांगितलं जातं त्याची तारीख तपासावी, एवढंच म्हणते.

सरकारी जागेत तर कोर्टाचे निकाल बघून सजावट करावी लागते. आमच्याच राज्यातल्या जर्सी सिटीचा खटला ऐकण्यासारखा आहे. तिथल्या सिटी हॉलपुढे येशूजन्माचा देखावा आणि ज्यूंचा मेनोरा म्हणजे दिव्यांची समई, असं दोन्ही मांडलं जायचं. १९९४ मध्ये त्यावर दावा दाखल झाला, सरकारनं धर्माचा पुरस्कार का करावा म्हणून. कोर्टानं मनाई केल्यावर शहरानं काय करावं? त्याच देखाव्यात प्लॅस्टिकचा बर्फाचा माणूस आणला, सांताक्लॉज आणला, लाल घसरगाडी आणली, झाडावर क्वान्झा या आफ्रिकन-अमेरिकन सणाची चिन्हं लावली आणि शहराच्या विविधतेबद्दल पाट्या लावल्या. १९९९ मध्ये अपील कोर्टानं सांगितलं, आता चालेल. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो पुढं सुप्रीम कोर्टात गेले. देव एकटा असला तर घटनेला अडचण, शेजारी बर्फाचा माणूस उभा राहिला की अडचण नाही! आपल्याकडच्या एखाद्या तालमीच्या मांडवात हा निकाल वाचून दाखवला तर रात्रभर हसतील.

आमच्या लायब्ररीतही अशीच ‘सर्वांसाठी’ सजावट असते. हिरव्या माळा, लाल रिबिनी, पांढरे चकचकीत चेंडू, आणि फलकावर ‘हॅपी हॉलिडेज’. माझी एक ज्यू सहकारी आहे, बोलायला तिखट. ती म्हणाली, “हा ख्रिसमसच आहे, फक्त त्यानं नाव सांगितलेलं नाही.” तिचं म्हणणं असं की हनुका त्यांच्यात लहान सण. मोठे सण शरद ऋतूत येऊन जातात, तेव्हा कुणी ढुंकून बघत नाही. पण हनुका ख्रिसमसच्या आसपास पडतो म्हणून त्याला उगाच मोठं केलं जातं. आणि योम किप्पूर हा उपवासाचा, प्रायश्चित्ताचा दिवस, त्या दिवशी कुणीतरी हमखास ‘हॅपी योम किप्पूर’ म्हणतं. मी तिला आपल्याकडच्या ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’ आणि ‘हॅपी मोहरम’ सांगितले. दुःखाच्या दिवशी शुभेच्छा देणारे पुढारी दोन्ही देशांत आहेत हे कळल्यावर तिला फार बरं वाटलं.

‘सर्वांसाठी’ म्हटलेली गोष्ट हळूहळू एकाचीच कशी होते, हे कोल्हापूरकरांना कुणी शिकवायला नको. १८९६ मध्ये शाहू महाराजांच्या काळात सगळ्या जातींच्या मुलांसाठी म्हणून राजाराम वसतिगृह निघालं आणि काही वर्षांत तिथं एकाच जातीची मुलं उरली. मग १९०१ पासून महाराजांनी वेगळी वाट धरली: मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत, आणखी कितीतरी. दसरा चौकातून जाताना त्या इमारती मी लहानपणापासून बघत आले. तेव्हा वाटायचं, हे असं जातीजातीचं का? इथं लाल-हिरव्या माळांखाली उभी राहून वाटतं, महाराजांना माणसं नीट कळली होती.

आता मूळ मुद्दा. ऑफिसांची, शाळांची, नगरपालिकेची जी दिवाळीची ईमेल येतात त्यांत एक शेपूट असतं: ‘जे साजरी करतात त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा’. हेतू चांगला असतो. गेल्या काही वर्षांत इथं दिवाळीचं बरंच झालं. २०१६ मध्ये पोस्टाचं तिकीट निघालं, २०२४ मध्ये न्यू यॉर्क शहराच्या सरकारी शाळांना पहिल्यांदा दिवाळीची सुट्टी मिळाली. तरी ते शेपूट मला टोचतं. कारण ख्रिसमसला ते लावत नाहीत. ‘जे साजरा करतात त्यांना मेरी ख्रिसमस’ असं फारसं कुणी लिहीत नाही. बहुसंख्यांचा सण गावाचा असतो, बाकीच्यांचा सण बाकीच्यांचा असतो. ‘हॅपी हॉलिडेज’ की ‘मेरी ख्रिसमस’ या भांडणापेक्षा मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. कुणी मला तोंडभरून ‘मेरी ख्रिसमस’ म्हटलं तर त्या माणसानं मला त्याच्या सणात घेतलं. मला त्यात अपमान दिसत नाही. आणि मला वगळून, फार काळजीपूर्वक, ‘तुमच्या लोकांना’ शुभेच्छा दिल्या तर मी बाहेरची असल्याचं आठवतं.

हे एकदा डोळ्याला दिसायला लागलं आणि मग गेल्या सुट्टीत कोल्हापुरात फिरताना फ्लेक्स वाचायची सवयच लागली. दिवाळीचे फ्लेक्स: ‘समस्त कोल्हापूरकरांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’. ईदचे फ्लेक्स: ‘सर्व मुस्लिम बांधवांना ईदच्या हार्दिक शुभेच्छा’. नाताळाचे, जिथं आहेत तिथं: ‘सर्व ख्रिस्ती बांधवांना’. फोटो तेच, हात जोडलेले साहेब तेच, खालच्या ओळीत कार्यकर्त्यांची तीच नावं. फक्त दिवाळी समस्तांची, आणि ईद बांधवांची. मी त्या चौकात जन्मले, वाढले, पण अल्पसंख्य म्हणून परदेशात राहिल्याशिवाय मला ते वाचता आलं नव्हतं.

गंमत अशी की प्रत्यक्षात हे गाव फ्लेक्सपेक्षा कितीतरी मोकळं आहे. बाबूजमाल दर्ग्याच्या चौकटीवर गणपती आहे. मोहरमचे पंजे कितीतरी हिंदू घरांत आणि तालमींत बसतात, चोंगे, म्हणजे मोहरमच्या गोड पोळ्या, सगळे खातात. २०१८ आणि २०१९ मध्ये गणपती आणि मोहरम एकत्र आले तेव्हा एकाच मांडवात दोन्ही बसले होते. कुरुंदवाडला तर मशिदींत गणपती बसतो. तिथं कुणी ‘सर्वधर्मीय’ असा फलक लावत नाही, कारण लावायची गरज पडत नाही.

मात्र घर न् घर माहीत असण्याचा दुसरा अर्थही आपल्याला ठाऊक आहे. जून २०२३ मध्ये व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगड उडाले, इंटरनेट बंद करावं लागलं. ज्याला माहीत असतं कुठलं दार कुणाचं, त्याला डबा पोचवता येतो आणि दगडही. इथल्या माणसांना माझ्या आडनावावरून काहीएक कळत नाही, आणि त्यात एक सुख आहे, हे मान्य केलं पाहिजे.

आमच्या फॅमिली ग्रुपवर डिसेंबरात दरवर्षी दोन मेसेज फिरतात. एक, पंचवीस डिसेंबरला नाताळ नको, तुळशी पूजन करा. दोन, एक जानेवारी हे आपलं नवीन वर्षच नाही, आपलं पाडव्याला. तुळशीची पूजा आई रोज करते, तिला त्यासाठी तारीख लागत नाही. मामा हे मेसेज टाकतात आणि त्याच मामांचा एकतीस डिसेंबरचा पांढरा रस्सा अख्ख्या पेठेत प्रसिद्ध आहे. काउंटरवरच्या रहस्यकथावाल्या आजी आणि आमचे मामा एकमेकांना भेटले तर पहिली पाच मिनिटं भांडतील आणि मग त्यांचं चांगलं जमेल, असं मला वाटतं.

नाताळ कोल्हापूरला परका म्हणावा तर तोही पावणेदोनशे वर्षांचा झालाय. १८५२ मध्ये रॉयल वायल्डर नावाचा अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आला, शाळा काढल्या, वीसेक वर्षं राहिला. वायल्डर मेमोरियल चर्च त्याच्याच नावाचं. म्हातारपणी परत आला तो इथं प्रिन्सटनला, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. त्याचा मुलगा रॉबर्ट जन्मला कोल्हापुरात. त्या घरात डिसेंबरात कुठल्या भाषेत काय म्हणत असतील, हा विचार मी गाडी चालवताना कधीकधी करते.

परवा धाकट्या भावाचा फोन आला. २०२६ च्या मार्चमध्ये पाडवा १९ तारखेला आहे आणि चंद्र दिसेल तशी रमजान ईद लगेच त्याच्या मागोमाग. तालमीनं ठरवलंय की दोन फ्लेक्स करायचे नाहीत, खर्च वाचवायचा, एकच करायचा.

“आक्का, तू लिहिणारी हाईस, मजकूर दे की.”

मी विचारलं, तुमचा काय विचार आहे?

“वर समस्त हिंदू बांधवांना पाडव्याच्या, खाली मुस्लिम बांधवांना ईदच्या. बरोब्बर अर्धं अर्धं.”

मी सांगितलं, ‘समस्त पेठवासीयांना पाडवा आणि ईदच्या शुभेच्छा’ असं लिही, एका ओळीत. तो जरा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, “आगं चालतंय, जागाबी वाचती. पोरांना इचारतो. पन बॅकग्राउंड कुठला घालू, भगवा का हिरवा?”

मी म्हटलं, पांढरा घाल.

“पांढऱ्यावर सायबांचा शर्ट दिसत न्हाई,” तो म्हणाला. “फ्लेक्सवाल्याला इचारून सांगतो.”