98 टक्क्यांचं सल्फ्युरिक अ‍ॅसिड पातळ करताना: माझा अनुभव

बॅटरीसाठी 1.28 घनतेचं 10 लिटर अ‍ॅसिड करायचं होतं. हाताशी होतं 98 टक्क्यांचं, बॅटरी ग्रेडचं. साध्या औद्योगिक अ‍ॅसिडात लोहाचा अंश जास्त असू शकतो आणि मग बॅटरी आपोआप उतरत राहते.

हिशेब वजनावर केला. 1.28 घनता म्हणजे साधारण 37 टक्के, म्हणजे 12.8 किलो द्रावणात शुद्ध अ‍ॅसिड 4.74 किलो. त्यासाठी 98 टक्क्यांचं 4.83 किलो लागतं. ते इतकं जड (1.84) की मापात जेमतेम 2.6 लिटर भरतं. बाकी 8 किलो डिस्टिल्ड वॉटर. दोन्हींची बेरीज 10.6 लिटर, पण मिसळल्यावर भरतं 10 च. लिटरवर मोजणारा इथेच फसतो.

भांडं जाड एचडीपीईची (एक टणक प्लास्टिक) बादली. लोखंडाचं अजिबात नको. तीव्र अ‍ॅसिड लोखंडी टाकीत राहतं, कारण आतून फेरस सल्फेटचा थर धरतो. पातळ झालं की तोच थर विरघळतो, लोखंड खाल्लं जातं आणि हायड्रोजन सुटतो. पातळ म्हणजे निरुपद्रवी, हा समज इथे उलटा पडतो. हातमोजे ब्यूटाइल रबराचे, कारण नायट्राइलचे पातळ मोजे 98 टक्क्यांपुढे टिकत नाहीत. गॉगल, त्यावर फेस शील्ड, रबरी एप्रन. वाहत्या पाण्याचा नळ दोन पावलांवर.

आधी सगळं पाणी बादलीत, मग अ‍ॅसिड. उलटं केलं तर वर पडलेलं थोडं पाणी जागीच उकळतं आणि अ‍ॅसिड घेऊन अंगावर उडतं. पण बरोबर क्रमानेही चूक होतेच. धार तेलासारखी सरळ खाली जाते, पाण्यात सुरकुत्या पडल्यासारखं दिसतं आणि अ‍ॅसिड तळाशी बसतं. वरचं पाणी गार, तळ कढत. ढवळणं थांबवलं आणि मग एकदम दांडी फिरवली, तर खालची सगळी उष्णता एकाच वेळी सुटते. म्हणून ओतताना दांडी थांबू द्यायची नाही. मी 200 मिलीच्या हप्त्यांनी ओतलं. सुरुवातीच्या प्रत्येक हप्त्याला तापमान आठ-नऊ अंश चढतं. 50 झालं की ओतणं बंद, बादली गार पाण्याच्या टबात. एकदम ओतलं असतं तर पारा शंभरच्या घरात गेला असता.

गरम असताना हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन) 1.262 दाखवत होता. इथे हात शिवशिवतात, आणखी अ‍ॅसिड घालावंसं वाटतं. घालू नये. दर अंशाला घनता सुमारे 0.0007 ने बदलते. 50 अंशांचं ते द्रावण 25 वर येताच 1.28 भरलं.

कपड्यावरच्या थेंबाला हलकं घेऊ नका. पाणी उडतं, अ‍ॅसिड उडत नाही. थेंब वाळता वाळता तीव्र होतो आणि भोक धुतल्यावर दिसतं. अंगावर पडलं तर लगेच भरपूर पाणी, डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून निदान 20 मिनिटं, आणि मग डॉक्टर. त्वचेवर सोडा चोळायचा नाही, त्याचीही उष्णता होते.

अ‍ॅसिड ओतायला वापरलेला मग रिकामा झाला की नळाखाली धरू नका. आत चिकटलेला थर तीव्रच असतो, बारीक धारेनेही तडतडतो. मी तो पाण्याने भरलेल्या बादलीत एका झटक्यात बुडवला आणि त्या पाण्यात धुण्याचा सोडा चिमटीचिमटीने टाकत गेलो, फेस येणं थांबेपर्यंत.