पुन्हा पोळी खा म्हणे!

सहा महिने गव्हाला हात लावला नव्हता. पोट शांत, तोंडातले छाले गेलेले. आणि समोर बसलेले पोटविकाराचे डॉक्टर म्हणतात, "उद्यापासून पोळी सुरू करा. दोन्ही वेळा, सहा आठवडे." मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.

मागचं थोडक्यात सांगते. दोन वर्षं हिमोग्लोबिन आठाच्या वर चढत नव्हतं. लोहाच्या गोळ्या घेऊन घेऊन जीभ काळी पडली. मग एका डॉक्टरांनी, चहा कमी करा म्हणावं तितक्या सहज, "गहू बंद करून बघा" सांगितलं. मी केला. बरं वाटलं. पुढे बहिणीने हट्टच धरला की सीलिएकची, म्हणजे गहू न सोसण्याच्या आजाराची, रक्ततपासणी करून घे, म्हणून लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलीने एकच प्रश्न विचारला, "उपाशी आहात ना?" या तपासणीला उपाशी राहायची गरजच नसते. गरज असते ती गहू पोटात असण्याची, आणि ते ना तिने विचारलं, ना गहू सोडायला लावणाऱ्यांनी सांगितलं. रिपोर्ट आला अधांतरी, ना धड हो, ना धड नाही.

पोटाच्या डॉक्टरांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं. सीलिएक असेल तर गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. रक्तात जे मोजतात ते टीटीजी-आयजीए नावाचं प्रतिपिंड त्याचंच लक्षण. गहू सोडला की ते उतरतं, आतड्याचं अस्तरही हळूहळू भरून येतं. मग दुर्बीण घालून तुकडे घेतले तरी दिसणार काय? म्हणजे माझी तपासणी चोर पळाल्यावर केलेला पंचनामाच होता. "तसंच सोडून राहिले तर?" मी विचारलं. ते म्हणाले, "जन्मभर पाळायचंय. संशयावर कोणी जन्मभर पाळत नाही. लग्नाच्या पहिल्याच पंगतीत मोडाल." खरं सांगायचं तर मला ते तेव्हा अजिबात पटलं नव्हतं.

पहिली पोळी मात्र मिटक्या मारत खाल्ली, खोटं कशाला बोलू! शरबतीची, मऊसूत, वर साजूक तूप. तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगलं. दुसऱ्या आठवड्यात जिने चढताना पुन्हा धाप लागायला लागली. माळव्याचं कौतुक "डग-डग रोटी, पग-पग नीर" असं करतात. मला तेव्हा पावलोपावली फक्त रोटीच दिसायची.

त्यात श्रावण. इंदूरला आमच्या शेजारणींचा सावन पौर्णिमेपासून मोजतात, म्हणून तो आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. दोन्ही मिळून झाला दीड महिना, जवळजवळ माझे सहा आठवडेच! गल्लीभर साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, भगर, शिंगाड्याचा शिरा. म्हणजे मला चालणारं सगळं. आणि मी सोमवारी सकाळी पोळी-भाजी घेऊन बसलेली. सासूबाई पहिल्या सोमवारी म्हणाल्या, "अगं, आज तरी?" दुसऱ्या सोमवारी काही न बोलता त्यांनीच पोळी लाटून दिली. हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मारायचे. एकदा मी रडून, भांडून एक फुली आगाऊ मारून घेतली. ती त्यांनी खोडरबरने पुसली, ते मी अजून विसरले नाही.

म्हणून कळवळून सांगते, शंका असेल तर आधी तपासणी, मग पथ्य. मुलाचीही करून घेतली, कारण सख्ख्या नात्यात हा आजार असण्याची शक्यता जास्त. तो पोळी खात असतानाच केली, हे वेगळं सांगायला नको. त्याला नाही निघाला.

सहा आठवड्यांनी टीटीजी भरपूर वाढलेलं. दुर्बीण दहा मिनिटांत झाली, आठवड्याने रिपोर्ट, सीलिएक पक्कं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हो, हिंग राहिलाच! डबीतला बांधानी हिंग म्हणजे निव्वळ हिंग नसतो, त्यात बहुतेकदा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. डबीमागचं बारीक अक्षर वाचा. मी वरण-भात खाऊन दुखतंय म्हणून तांदळाला दोष देत बसले होते. आपले पोहे तांदळाचे, पण वर भुरभुरायचं जिरावन, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, हिंगाचं. शेव बेसनाची, पण तळलेली कचोरीच्याच तेलात. आता जिरावन घरीच करते, हिंगाशिवाय. ज्वारीही चक्कीवर देत नाही, कारण आधी गहू दळलेला असतो. घरच्या छोट्या घरघंटीवर दळते, आणि त्या घंटीत गहू टाकायला घरात सगळ्यांना बंदी आहे. गणपतीत मात्र मजा असते, उकडीचे मोदक तांदळाचेच.

हिमोग्लोबिन आता बारा आहे. परवा वार्षिक तपासणीला गेले, तीच लॅब. मुलगी नवीन होती, प्रश्न तोच, "उपाशी आहात ना?"

"नाही," म्हटलं, "पोहे खाऊन आलेय."