हप्त्याची आदली रात्र

स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या छोट्या कर्जांची चर्चा निघाली की परतफेडीचा आकडा हटकून सांगितला जातो. तारण न घेता ९५ टक्क्यांहून अधिक वसुली होते, हे कौतुकाचे आहेच. मात्र तो हप्ता कोठून जमवला, त्यावरून आदल्या रात्री घरात काय बोलणे झाले आणि त्या बोलण्यात कोणाचा हात उठला का, हे त्या आकड्यात दिसत नाही. या प्रश्नावरचे संशोधन मी गेले काही महिने जमेल तसे वाचते आहे. कर्जाने मारहाण कमी होते की वाढते, याचे एकच एक उत्तर सापडेल ही माझी सुरुवातीची अपेक्षा चुकीची होती.

सर्वांत जुना आणि सविस्तर पुरावा बांगलादेशातला आहे. १९८३ मध्ये गरीब स्त्रियांना बिनतारण छोटी कर्जे देणारी तिथली ग्रामीण बँक रीतसर स्थापन झाली, तेव्हा पाच-पाच जणींचा गट, आठवड्याची बैठक आणि वर्षभराचे साप्ताहिक हप्ते ही घडी बसली होती. १९९६ मध्ये सिडनी शुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कर्जगटात असलेल्या स्त्रियांना नवऱ्याकडून मारहाण होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. त्यांनी दिलेले कारण मला आकड्यापेक्षा महत्त्वाचे वाटते: दर आठवड्याला चारचौघींत जाऊन बसणारी बाई घराआड राहत नाही, तिच्या अंगावरचा वळ उद्या बैठकीत दिसणार हे नवऱ्यालाही ठाऊक असते. म्हणजे संरक्षण पैशाने दिले की बैठकीने, ही शंका तेव्हापासूनच आहे.

त्याच वर्षी अ‍ॅन मेरी गोट्झ आणि रीना सेन गुप्ता यांनी वेगळाच प्रश्न विचारला, की कर्ज बाईच्या नावावर आहे हे खरे, पण पैसा वापरतो कोण? त्यांनी तपासलेल्या कर्जांपैकी जेमतेम ३७ टक्के कर्जांवर स्त्रीचा पूर्ण किंवा बऱ्यापैकी ताबा होता. उरलेल्या कर्जांचा विनियोग कमी-अधिक प्रमाणात घरातल्या पुरुषांच्या हाती गेला होता. इथे गुंता सुरू होतो. पैसा नवऱ्याने गुरांच्या व्यापारात घातला, व्यापार बुडाला, तरी हप्त्याच्या दिवशी बैठकीत बसायचे ते बायकोनेच. एकीचा हप्ता चुकला की उरलेल्या चौघींचे पुढचे कर्ज अडते, त्यामुळे त्या तिला सहजासहजी उठू देत नाहीत. घरी जाऊन तिने पैसे मागितले तर भांडण, न मागितले तर गटात मान खाली. अमिनूर रहमान यांनी १९९९ च्या पुस्तकात नोंदवले आहे, की त्यांनी बोलते केलेल्या १२० कर्जदार स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के जणींनी कर्ज घेतल्यापासून घरातला त्रास वाढल्याचे सांगितले. त्यातला मोठा भाग शिवीगाळीचा होता, प्रत्यक्ष मारहाणीचा वाटा बराच लहान. तरीही तो त्रास हप्त्याला बांधलेला होता.

हे दोन्ही निष्कर्ष एकाच देशातले आहेत, म्हणून कोणीतरी खोटे बोलते आहे असे मानायचे कारण नाही. मायकेल कोनिग आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात याचा उलगडा सापडतो. जास्त कर्मठ असलेल्या सिराजगंज भागात, नुकत्याच बचत-कर्ज गटात आलेल्या बायकांना हिंसेचा धोका अधिक दिसला. तुलनेने मोकळ्या जेसोर भागात तसा संबंध दिसला नाही. बाईने बाहेर पडणे हीच जिथे नवलाची गोष्ट असते, तिथे पहिल्या काही जणींना त्याची किंमत मोजावी लागते. अर्थात गटात येणाऱ्या बायका मुळातच वेगळ्या असू शकतात (धीट, किंवा घरच्या त्रासाने पैशाच्या शोधात निघालेल्या), त्यामुळे अशा तुलना जपूनच वाचाव्यात.

ही अडचण टाळण्याचा चांगला प्रयत्न दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतात २००१ पासून झाला. आठ गावांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतल्या कोणत्या गावात स्त्रियांसाठीची कर्जयोजना आधी सुरू करायची हे सोडतीने ठरवले गेले. कर्जाच्या पंधरवड्याच्या बैठकीतच तासाभराची दहा सत्रे घेतली गेली, आणि त्यांत बाई-पुरुषांची कामे, घरातली सत्ता, मारहाण, एचआयव्ही यांवर उघड बोलणे झाले. २००६ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, मागच्या वर्षभरात जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे प्रमाण तुलनेतल्या गावांपेक्षा ५५ टक्क्यांनी कमी होते. आठ गावे म्हणजे फार नव्हेत, हे मान्य. पण अशा सत्रांनंतर बायका पूर्वी ‘चालायचेच’ म्हणून सोडून दिलेली गोष्टही मारहाण म्हणून सांगू लागतात, म्हणजे आकडा फुगण्याची शक्यता होती. तरीही तो उतरला.

सगळ्यांत बोलका पुरावा त्याच चमूने २००९ मध्ये मांडला. नुसते कर्ज मिळालेली गावे, कर्जासोबत सत्रे झालेली गावे आणि दोन्ही न मिळालेली गावे त्यांनी शेजारी ठेवून पाहिली. घरची आर्थिक स्थिती कर्ज मिळालेल्या दोन्ही ठिकाणी सुधारली होती, हिंसेतली घट मात्र सत्रे झालेल्या गावांतच सातत्याने दिसली.

म्हणून ‘पैसा आला की बाईचे घरातले वजन आपोआप वाढते’ हे वाक्य मला आता पटत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेकडे एक गोष्ट मात्र आयती असते, जी कोणत्याही मदत केंद्राला हेवा वाटावा अशी आहे: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, नवरा सोबत नसताना जमणाऱ्या बायका. वसुली अधिकारी त्या बैठकीत दर वेळी असतो. एखादी गप्प झाली, एखादीने पदर ओढून गाल झाकला, हे त्याला दिसतेही. पण त्याच्या हातातल्या तक्त्यात हप्ता आला की नाही, एवढाच रकाना आहे.